दोनदां हरवलेली लेक

'सुटका' हा शब्द कानीं पडतांच आपल्या मनास आनंद होतो. कोणी कैदेंत होता, तो सुटला. कोणी परक्यांच्या हातीं सांपडली होती, ती स्वजनांत परत आली. एवढें कळलें म्हणजे पुढें काय झालें हें विचारण्याची आपणांस गरज वाटत नाहीं. देवापुढें साखर ठेवली जाते आणि ऐकणारा उठून आपल्या कामास लागतो. परंतु कांहीं सुटका अशा असतात कीं, त्यांची खरी गोष्ट घराचा उंबरठा ओलांडल्यावरच सुरू होते. अमेरिकेंतील टेक्सास प्रांताच्या सरहद्दीवर एकोणिसाव्या शतकांत एका मुलीच्या वांट्यास अशी सुटका आली. तिचें नांव सिंथिया ॲन पार्कर. आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानावर तिची हकीकत गेली असेल, म्हणून या महिन्यांत ती सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टेक्सास हा प्रांत त्या वेळीं मेक्सिको देशाच्या ताब्यांत होता. ओसाड मुलुखांत वस्ती व्हावी म्हणून मेक्सिकोचें सरकार बाहेरच्या लोकांस जमिनी देत असे. त्या आशेनें १८३३ च्या सुमारास इलिनॉय प्रांतांतून पार्कर घराणें तेथें आलें. घराण्याचे वडील पुरुष जॉन पार्कर हे सत्तरीपलीकडचे गृहस्थ. बॅप्टिस्ट पंथाचे मोठे कडवे अनुयायी. त्यांचे मुलगे, सुना, जांवई, नातवंडें अशी मंडळी नावासोटा नदीजवळ एकत्र राहूं लागली. चोहोंकडून १२ फूट उंचीच्या ओंडक्यांचा कोट, आंत लाकडी खोल्यांची ओळ, बाहेर शेतें, आणि रोजच्या प्रार्थनेस सर्वांचें एकत्र बसणें. वडिलांचा शब्द शेवटचा. आमच्या वाचकांस अशा घराची कल्पना निराळी करून द्यावयास नको.

त्या जमिनीचे कागद पार्करांजवळ होते. परंतु त्या कागदांवर ज्यांची संमति कोणींच घेतली नव्हती, असे लोक पश्चिमेकडील अफाट माळरानावर राहत होते. ते कोमांची. स्पॅनिश लोकांनीं अमेरिकेंत आणलेला घोडा या जातीच्या हातीं आला आणि तिचें दैवच पालटलें. अठराव्या शतकांत त्यांनीं अपाची लोकांना दक्षिणेकडे रेटलें आणि शेंकडों कोसांच्या गवताळ प्रदेशावर आपला अंमल बसविला. बायसन नांवाच्या प्रचंड रानबैलांच्या शिकारीवर त्यांचा चरितार्थ चाले. मेक्सिकोच्या खेड्यांवर धाडी घालणें, घोडे व माणसें पळवून आणणें आणि त्यांचा व्यापार करणें, हें त्यांच्या राज्यकारभाराचें अंगच होतें. टेक्सासांत गोऱ्यांची वस्ती वाढूं लागली तेव्हां तीही याच तडाख्यांत सांपडली.

१८३६ च्या एप्रिलांत टेक्सासच्या वसाहतवाल्यांनीं मेक्सिकोच्या सैन्याचा मोड करून आपलें स्वतंत्र राज्य उभारलें. त्या विजयाला महिना होतो न होतो तोंच, १९ मे रोजीं सकाळीं, कांहींशें स्वार पार्करांच्या कोटापुढें येऊन उभे राहिले. त्यांत कोमांची होते, कायोवा होते, इतर जातींचेही होते. त्यांनीं पांढरें निशाण पुढें धरलें होतें. घरचे पुष्कळ पुरुष शेतावर गेलेले. कोटाचा दरवाजा उघडा. बेंजामिन पार्कर बोलणें करण्यास बाहेर गेला, परत येऊन लक्षण बरें दिसत नाहीं असें भावास सांगितलें, आणि मंडळींस पळावयास वेळ मिळावा म्हणून पुन्हां बाहेर गेला. तो परत आला नाहीं. थोड्याच वेळांत पांच पुरुष मारले गेले. त्यांत वृद्ध जॉन पार्कर, बेंजामिन आणि सिंथियाचा बाप सायलस हे एकाच घरचे तिघे होते. सिंथियाची आई ल्यूसी चार मुलांसह पळत होती, तिला स्वारांनीं गांठलें आणि दोन मोठीं मुलें आपल्याच हातांनीं त्यांच्या घोड्यांवर बसविणें तिला भाग पाडलें. धाकटीं दोघें तेवढीं शेजाऱ्यांच्या मदतीनें तिच्यापाशीं राहिलीं. सिंथिया त्या वेळीं सुमारें नऊ वर्षांची होती. तिचा भाऊ जॉन सहा वर्षांचा.

त्या दिवशीं एकंदर पांच माणसें पळविलीं गेलीं. या दोन भावंडांखेरीज एलिझाबेथ केलॉग ही बाई, आणि सिंथियाची चुलत बहीण रेचल प्लमर व तिचा लहानगा मुलगा. एलिझाबेथ त्याच वर्षीं खंडणी देऊन सोडविली गेली. रेचलचें दैव मात्र फार खडतर होतें. ती अवघी सतरा वर्षांची आणि गरोदर होती. तिचा मुलगा पहिल्या दिवसांतच तिच्यापासून तोडून दुसऱ्या टोळीकडे दिला गेला. बंदिवासांत तिला दुसरा मुलगा झाला. तान्ह्या मुलामुळें बाईच्या कामांत खोळंबा होतो असें धन्यांस वाटलें, आणि त्यांनीं तें मूल तिच्यादेखत मारलें. थंडीवाऱ्यांत घोडे राखणें आणि कातडीं खरडणें हेंच तिचें जिणें झालें. १८३७ सालीं मेक्सिकोच्या व्यापाऱ्यांमार्फत ती विकत घेतली गेली व पुढच्या वर्षीं घरीं पोंचली. आपली हकीकत तिनें लिहून छापविली आणि १८३९ सालीं ती वारली. तिचा पहिला मुलगा १८४२ च्या अखेरीस सुटला. तोंपर्यंत त्याची वाट पाहणारी आई उरली नव्हती.

ही हकीकत आम्हीं मुद्दाम आधीं सांगितली. यापुढें जें लिहावयाचें आहे तें वाचून, कोमांचींचा बंदिवास म्हणजे एखादा आश्रमवास होता असा कोणाचा समज होऊं नये. त्याचप्रमाणें क्रौर्य एकाच बाजूस होतें असाही समज नसावा. १९ मार्च १८४० रोजीं सॅन अँटोनिओ येथें तहाचें बोलणें करण्यासाठीं कोमांचींचे मुखत्यार बायकामुलांसह आले होते. त्यांनीं सर्व गोरे बंदी आणले नाहींत म्हणून बोलणीं चाललेल्या इमारतींत सैनिक घुसविण्यांत आले, आणि सर्व बंदी मिळेपर्यंत तुम्ही आमचे कैदी, असें त्या पाहुण्यांस सांगण्यांत आलें. मारामारींत १२ मुखत्यारांसह सुमारें ३५ कोमांची मेले. सात टेक्सासवालेही मेले. आणि राहिलेल्या कोमांची बायकामुलांस तुरुंगांत घातलें गेलें. ही बातमी माळावर पोंचली तेव्हां तिकडच्या कित्येक गोऱ्या बंदींना त्याचें प्रायश्चित्त प्राणांनीं भोगावें लागलें. शिवाय त्याच टेक्सासच्या कापसाच्या शेतांवर आफ्रिकन वंशाचे गुलाम कायद्यानें विकले जात होते, आणि आईपासून मूल तोडण्यास तेथें रात्रीच्या धाडीची गरज नव्हती. बाजारचा दिवस पुरे होता.

आतां सिंथियाकडे वळूं. कोमांची लोक सर्वच बंदींना सारखें वागवीत नसत. मोठ्या पुरुषांना बहुधा जागींच मारीत. मोठ्या स्त्रियांना राबवीत, छळीत किंवा खंडणीसाठीं राखीत. लहान मुलांना मात्र पुष्कळदां पोटच्या मुलांच्या जागीं घेत. देवीच्या साथींनीं त्यांचे तळच्या तळ ओस पडत होते. लढाईंत तरुण जात होते. घोड्यांचे मोठमोठे कळप राखण्यास व कातडीं कमावण्यास हात कमी पडत होते. म्हणून पळवून आणलेलें मूल हें त्या समाजाची तूट भरून काढण्याचें साधन होतें. पण एकदां तें एखाद्या तंबूंत मूल म्हणून घेतलें गेलें म्हणजे त्याच्या बाबतींत पंक्तिप्रपंच राहत नसे. कोमांची भाषेंत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, आणि बापाच्या भावाला बाप. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण ज्यांच्या घरांत रोज ऐकूं येते, त्यांना या नात्यांतील ऊब समजावून सांगण्याची गरज नाहीं.

अशा एका घरीं सिंथिया वाढली. तिचें नांव नादुआ असें ठेवण्यांत आलें. 'सांपडलेली' अशासारखा त्याचा अर्थ सांगतात. नांव बदलणें, घर बदलणें, नव्या माणसांस आपलें म्हणणें, हें आपल्याकडच्या लेकीसुनांस अपरिचित नाहीं. परंतु त्यांच्यामागें माहेर असतें, सणावारीं बोलावणें असतें. या मुलीच्या डोळ्यांपुढें बाप व आजा मारले गेले होते आणि माहेरचा रस्ता पुसला गेला होता. नऊ वर्षांच्या मुलीचें मन तें सारें कोठें पुरून ठेवतें, हें तिनें कधीं कोणास सांगितलें नाहीं. एवढें खरें कीं, ती तंबू उभारण्यास, कातडें कमावण्यास, घोड्यावर बसण्यास शिकली, इंग्रजी विसरली, आणि पेटा नोकोना नांवाच्या नामांकित लढवय्याशीं तिचें लग्न झालें. त्यांना तीन मुलें झालीं. थोरला क्वाना, मधला पेकोस आणि शेंडेफळ मुलगी टॉपसॅना, म्हणजे माळावरचें फूल.

इकडे पार्कर मंडळींनीं शोध सोडला नव्हता. रेचलचा बाप जेम्स पार्कर वर्षानुवर्षें सरहद्दीवर हिंडत राहिला. सिंथियाचा भाऊ जॉनही १८४२ च्या सुमारास खंडणी देऊन परत आणला गेला. १८४६ सालीं अमेरिकन सरकारच्या प्रतिनिधींना कोमांचींच्या एका तळावर सिंथिया आढळली. त्या वेळीं ती विशीच्या घरांत होती. त्यांनीं खंडणी देऊं केली. ती नाकारली गेली. त्यांनीं वरिष्ठांस असें कळविलें कीं, त्या तरुण स्त्रीला स्वतःलाच परत येण्याची इच्छा नाहीं. तिला काय वाटतें याची सरकारी दप्तरांत झालेली ही दुर्मिळ नोंद होय. ती वाचून गोऱ्या वस्त्यांतील लोकांना फार वाईट वाटलें. त्यांनीं तिचा अर्थ असा लावला कीं, पोरीचें मन बिघडलें आहे आणि तिची सुटका पूर्वीपेक्षांही निकडीची झाली आहे.

ती सुटका १८६० च्या डिसेंबरांत झाली. सल रॉस नांवाच्या तरुण कप्तानाच्या हाताखालीं टेक्सासचे रेंजर स्वार व कांहीं सैनिक पीज नदीच्या कांठीं कोमांचींच्या एका लहान तळावर तुटून पडले. तळावर बायकाच पुष्कळ होत्या. त्यांतल्या बऱ्याच मारल्या गेल्या. एक बाई तान्ही मुलगी छातीशीं धरून घोड्यावरून पळत होती. तिला पकडल्यावर तिचे डोळे निळे आहेत असें दिसून आलें. रॉसनें पुढें असें प्रसिद्ध केलें कीं, आपण तिच्या नवऱ्यास, पेटा नोकोनास, त्याच लढाईंत मारलें. क्वाना मोठेपणीं सांगे कीं, बाप त्या वेळीं तेथें नव्हताच. तो कांहीं वर्षांनीं मेला. पीज नदीवरची ही चकमक पुढें मोठी लढाई म्हणून गाजविली गेली आणि १८८७ सालीं रॉस टेक्सासचा गव्हर्नर झाला. त्या नदीकांठीं सिंथियानें फोडलेल्या टाहोचें कारण मात्र दुभाष्याकडून कळलें तें निराळेंच होतें. आपलीं दोन मुलें कोठें आहेत, जिवंत आहेत कीं नाहींत, याची तिला काळजी लागली होती.

तिचा चुलता आयझॅक पार्कर तिला ओळखण्यासाठीं आला. चोवीस वर्षें लोटलीं होतीं. चेहऱ्यावरून कांहीं ठरेना. असें सांगतात कीं, तो शेवटीं सिंथिया ॲन हें नांव उच्चारतांच ती बाई दचकली आणि आपल्या छातीवर हात ठेवून तें नांव आपलेंच, अशी खूण तिनें केली. या एका खुणेवर सर्व टेक्सासांत आनंदीआनंद झाला. गांवोगांवचे लोक तिला पाहण्यास लोटले. १८६१ सालीं विधिमंडळानें तिला ४,४२८ एकर जमीन आणि पांच वर्षेंपर्यंत दरसाल १०० डॉलर वर्षासन मंजूर केलें, आणि तिच्या हिताची काळजी वाहण्यासाठीं पालक नेमले. चौतीस वर्षांच्या, तीन मुलांच्या आईला पालक! ज्या स्त्रीनें सबंध संसार घोड्यांच्या पाठीवर बांधून शेंकडों कोस नेला होता, तिला स्वतःचें बरेंवाईट कळत नाहीं असें सभेनें एकमुखानें गृहीत धरलें, आणि तें प्रेमानें धरलें, हें विशेष.

त्याच वर्षीं फोर्ट वर्थ येथें तिचें एक छायाचित्र काढलें गेलें. तें आजही पाहावयास मिळतें. अंगांत गोऱ्या बायकांचा झगा; मांडीवर टॉपसॅना दूध पीत आहे; चेहऱ्यावर कोणताच भाव नाहीं; आणि केस कानापाशीं आंखूड कापलेले. कोमांची स्त्री आपलें माणूस मेलें म्हणजे केस कापून टाकी. ज्यांनीं तिला नवा झगा शिवला, केस वाढल्यावर ते विंचरण्यास फणी आणून ठेवली, त्यांच्या घरांत ती सुतक पाळीत बसली होती, हें त्या घरांतील किती जणांच्या लक्षांत आलें असेल? आपल्याकडे कापलेल्या केसांची भाषा एके काळीं लहान मुलालाही वाचतां येत असे. तेथें ती वाचणारें कोणी नव्हतें.

आपली आई पूर्वींच वारली आहे हें तिला येथें आल्यावर कळलें. प्रथम चुलत्याकडे, मग धाकट्या भावाकडे, मग धाकट्या बहिणीकडे, असें तिचें राहणें झालें. हीं धाकटीं भावंडें म्हणजे १८३६ च्या सकाळीं आईपाशीं राहिलेलीं तींच दोघें. या मंडळींवर दुष्टपणाचा आरोप कोणी करणार नाहीं, आम्हीही करीत नाहीं. ज्या घराण्यानें एका दिवसांत तिघे पुरुष आणि चार लेंकरें-लेकी गमावल्या, त्या घराण्यानें चोवीस वर्षांनीं परत आलेल्या मुलीला पुन्हां माळाकडे जाऊं द्यावें, ही अपेक्षाच त्यांना वेडगळ वाटली असती. त्यांनीं तिला खाऊं घातलें, कपडे केले, इंग्रजी पुन्हां शिकविली, प्रार्थनेस बसविलें. ती सूत कातूं लागली, विणूं लागली, शेजाऱ्यांचीं कातडीं उत्तम कमावून देऊं लागली. आणि संधि मिळेल तेव्हां घोडा घेऊन पळूं लागली. प्रत्येक वेळीं तिला परत आणण्यांत आलें. मुलांस भेटावयास नेऊं असें आश्वासन तिला दिलें होतें असें सांगतात. पण १८६१ सालींच अमेरिकेंत उत्तर-दक्षिणेचें यादवी युद्ध पेटलें, सरहद्द अधिकच धोक्याची झाली आणि तो दिवस उजाडला नाहीं.

मग टॉपसॅना तापानें आजारी पडून गेली. यादवी युद्ध अद्यापि चालू होतें. तिच्या मागोमाग जगण्यासारखें सिंथियाजवळ या जगांत कांहीं उरलें नाहीं. तिनें शोकांत हातांवर शस्त्रानें वार करून घेतले, अन्नाची वासना टाकली, असें नातलगांनीं पुढें सांगितलें. १८७० च्या सुमारास ती वारली. कोमांचींत चोवीस वर्षें आणि स्वजनांत सुमारें दहा. या दुसऱ्या दहा वर्षांस तिचे चरित्रकार काय म्हणोत, तिनें त्यांना घरचे दिवस मानलें नाहीं हें उघड आहे.

ही एकटीचीच गोष्ट असती तर अपवाद म्हणून सोडून देतां आली असती. पण टेक्सासच्या डोंगराळ भागांत वस्ती करून राहिलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या घरींही असेंच घडलें. हर्मन लेहमान नांवाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा १८७० सालीं अपाचींनीं पळविला. पुढें तो कोमांचींत गेला. १८७८ सालीं सैनिकांनीं त्याला आईकडे पोंचविलें तेव्हां त्याला जर्मन येत नव्हतें आणि आई ओळखूं येत नव्हती. अंगावरच्या जुन्या व्रणावरून घरच्यांनीं त्यास ओळखलें. बिछान्यावर निजणें त्याला नको वाटे.   तो हळूहळू रुळला; म्हातारपणीं त्यानें आपल्या आठवणी लिहिल्या आणि दोन्हीकडचीं नातीं मरेपर्यंत राखलीं. रुडॉल्फ फिशर या दुसऱ्या जर्मन मुलाची तऱ्हा निराळी. तो १८६५ सालीं पळविला गेला, बारा वर्षांनीं बापाच्या घरीं आणला गेला, तेथें कांहीं काळ राहिला आणि आपण होऊन कोमांची बायकोकडे परत गेला. १९४१ सालीं ओक्लाहोमांत तो वारला तो तेथलाच गृहस्थ म्हणून. या दोघांस जें मिळालें तें सिंथियाला मिळालें नाहीं. ते पुरुष होते; घोड्यावर बसून गेले तर त्यांस धरून आणावयास कोणी जात नसे.

आतां तिच्या थोरल्या मुलाविषयीं. पीज नदीवरील हल्ल्याच्या वेळीं क्वाना अजून पोरगाच होता. पेकोस लवकरच आजारानें गेला, बापही गेला, आणि क्वाना कोमांचींच्या क्वाहाडी टोळींत वाढून तिचा पुढारी झाला. १८७४ च्या जूनमध्यें बायसनच्या गोऱ्या शिकाऱ्यांवर अडोबी वॉल्स येथें जो हल्ला झाला त्यांत तो प्रमुख होता. तो हल्ला फसला. त्याच सप्टेंबरांत पालो ड्युरो दरींत कर्नल मॅकेंझीच्या फौजेनें कोमांचींचे व त्यांच्या सोबत्यांचे तळ उधळले आणि हजारांहून अधिक घोडे पकडून गोळ्या घालून मारले. बायसन संपत आले होते, घोडे गेले, हिंवाळा आला. १८७५ च्या जूनमध्यें क्वाना आपल्या माणसांसह फोर्ट सिल येथें शरण आला. एके काळीं साऱ्या माळरानावर हुकमत चालविणारी ही जात तेव्हां सुमारें दीड हजार माणसांवर आली होती.

शरण आल्यावर त्यानें आईची चौकशी केली. ती वारल्याचें त्याला कळलें. त्यानें आईचें आडनांव घेतलें आणि तेव्हांपासून तो क्वाना पार्कर म्हणून ओळखला जाऊं लागला. ज्या घराण्याच्या कोटावर त्याच्या बापाच्या लोकांनीं धाड घातली होती आणि ज्या घराण्यानें त्याची आई त्याच्यापासून तोडली होती, त्या घराण्याचें नांव त्यानें अभिमानानें लावलें. आईच्या नातलगांकडे तो गेला, त्यांच्याशीं गणगोत ठेवलें. पशुपालकांना कुरणें भाड्यानें देऊन त्यानें संपत्ति मिळविली, लोकांसाठीं वॉशिंग्टनला अनेक खेपा घातल्या, आणि छपरावर मोठमोठ्या चांदण्या रंगविलेलें दुमजली घर बांधलें. त्या घरांत त्या छायाचित्रावरून केलेलें आईचें आणि टॉपसॅनाचें मोठें चित्र त्यानें लावलें होतें. त्याला अनेक बायका होत्या. एकच ठेवून बाकीच्यांस घालवून दे, असें एका अधिकाऱ्यानें बजावलें तेव्हां, 'कोणी जावें तें तुम्हीच त्यांना सांगा,' असें त्यानें उत्तर दिल्याची गोष्ट सांगतात. दुसऱ्याचें घर नीट लावून देण्याची घाई झालेल्यांस याहून चांगलें उत्तर देतां आलें नसतें.

१९१० सालीं त्यानें सरकारची मंजुरी मिळवून आईच्या अस्थि टेक्सासांतून ओक्लाहोमांत आपल्या गांवाजवळ आणविल्या. पुढच्याच वर्षीं २३ फेब्रुवारीस तो वारला व तिच्या शेजारीं पुरला गेला. १९५७ सालीं दोघांच्याही अस्थि फोर्ट सिल येथील लष्करी स्मशानभूमींत हलविण्यांत आल्या, आणि १९६५ सालीं टॉपसॅनाही त्यांच्याजवळ आणली गेली. नदीकांठीं तुटलेलें हें कुटुंब शंभरांवर वर्षांनीं असें एके ठिकाणीं आलें.

या कथेवरून अमेरिकेंत पुष्कळ लिहिलें गेलें. १९५६ सालीं जॉन फोर्ड यांनीं काढलेला 'द सर्चर्स' हा चित्रपट जगभर नांवाजला गेला. त्याच्या मुळाशीं पार्कर घराण्याची हकीकत आहे असें मानतात. त्यांत पळविलेल्या मुलीचा काका वर्षानुवर्षें तिला शोधतो, शेवटीं तिला घोड्यावर घालून आणतो, मुलगी घराच्या दारांतून आंत जाते आणि चित्रपट संपतो. दार लागल्यावर आंत काय झालें, हें चित्रपट सांगत नाहीं. सिंथियाचीं दहा वर्षें त्या लागलेल्या दाराच्या आंतलीं आहेत.

तिच्यावर दोनदां धाड पडली. पहिल्या वेळीं भाल्यांनीं, दुसऱ्या वेळीं बंदुकांनीं. पहिल्या वेळीं तिच्या डोळ्यांदेखत बाप गेला, दुसऱ्या वेळीं मुलें गेलीं. पहिल्या वेळीं तिला पळविली असें लोक म्हणाले, दुसऱ्या वेळीं सोडविली. फरक एवढाच कीं, दुसऱ्या धाडीनंतर तिच्यावर मनापासून माया करणारीं माणसें तिच्या भोंवतीं होतीं, आणि त्या मायेमुळेंच तिला काय हवें आहे हें त्यांना ऐकूं आलें नाहीं. तिची जमीन, तिचें वर्षासन, तिचे पालक, तिचे कपडे, तिची भाषा, यांचा निर्णय करणारे पुष्कळ होते. तिची मागणी एकच होती, आणि ती तिनें पळून जाऊन पुनःपुन्हां सांगितली होती.

मोठ्या कुटुंबांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस यांतला बोध निराळा सांगण्याचें कारण नाहीं. जेथें दहा माणसें प्रेम करणारीं असतात, तेथें एकाचें बरें कशांत आहे हें नऊ जणांनीं मिळून ठरविण्याची संवय सहज लागते. घरीं परत आलेली लेक, नव्यानें आलेली सून, पोरकें झालेलें भाच्याचें मूल, गांवाकडून आणून ठेवलेली वृद्ध आत्या, यांच्यापुढें आपण ताट वाढतों, अंथरूण घालतों आणि आपलें कर्तव्य झालें असें समजतों. ताट वाढावें, अंथरूणही घालावें. तें सोडण्यास आम्ही सांगत नाहीं. मात्र तें घातल्यावर त्या माणसाजवळ घटकाभर बसावें, मागचें काय आठवतें तें विचारावें, आणि उत्तर आपल्या मनासारखें नसलें तरी तें पुरतें ऐकून घ्यावें.